तयार खेळाडू आणावेत की घरी वाढवावेत? (कॉलेज बास्केटबॉल, पर्ड्यू आणि इतर दुखणी)

वाबाशकाठचा | १२ जून २०२५

२८ मार्चच्या रात्री इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होतो. देशभरच्या कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेतले शेवटचे सोळा, म्हणजे स्वीट सिक्स्टीन; आमचं पर्ड्यू विद्यापीठ विरुद्ध ह्यूस्टन. सामना आमच्या अंगणातच असल्यासारखा, जिकडे बघावं तिकडे काळं-सोनेरी. पस्तीस सेकंद उरलेली असताना आमच्या कॅमडेन हाइडीने थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मारला आणि ६०-६० झाले. शेजारचे सत्तरीचे अनोळखी आजोबा माझ्या गळ्यात पडले. मग ह्यूस्टनच्या मिलोस उझानने बाहेरून चेंडू टग्लरकडे टाकला, टग्लरने तो तसाच परत त्याच्या हातात दिला आणि उझानने तो आत सोडला. ०.९ सेकंद शिल्लक. ६२-६०. आजोबा खाली बसले ते उठेचनात.

परतताना गाडीत एक गोष्ट डोक्यातून जाईना. उझान हा ह्यूस्टनने वाढवलेला खेळाडू नाही, ओक्लाहोमाहून तयार आणलेला. पास देणारा टग्लर मात्र शाळेतून थेट ह्यूस्टनला आलेला. आणि आमचा हाइडी? पर्ड्यूने त्याला पहिलं वर्ष रेडशर्ट करून (संघात ठेवून, पण सामने न खेळवता) बसवलं, पुढची दोन वर्षं खेळवलं. काही आठवड्यांत तो टेक्सासला गेला. मायल्स कॉल्व्हिन वेक फॉरेस्टला गेला. म्हणजे खत-पाणी आमचं, आंबे दुसऱ्याच्या टोपलीत.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे, त्यामुळे पोरं दहादा विचार करत. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ मध्ये एकदा बदलायला बाहेर बसण्याची अट गेली, त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली, आणि २०२४ पासून तर अभ्यासात पास असाल तर दरवर्षी बदला. गेल्याच आठवड्यात कोर्टाने जो समझोता मान्य केला, त्यानुसार आता कॉलेजंच खेळाडूंना सरळ पैसे देणार, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

या सगळ्या धामधुमीत आमचे कोच मॅट पेंटर गुरुजी २००५ पासून एकाच ठिकाणी बसून शाळेतली पोरं निवडतात आणि चार-चार वर्षं घासतात. झॅक एडी आला तेव्हा देशातल्या पहिल्या चारशे पोरांतही त्याचं नाव नव्हतं. टोरंटोचा सव्वासात फुटांहून उंच मुलगा, लहानपणी हॉकी आणि बेसबॉल खेळलेला. पहिली दोन वर्षं तो ट्रेव्हियन विल्यम्सच्या जोडीने वाटून खेळला. त्यानंतर २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू.

तर प्रश्न असा, की ही पद्धत आता शहाणपणाची राहिली आहे, की आम्ही माजी विद्यार्थी नुसते हळवे झालोय?

तिरकस_टोण्या

धागा पूर्ण वाचला नाही, पण २०२३ मध्ये पहिलं मानांकन घेऊन सोळाव्या मानांकित फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ हरले ते हेच पेंटर गुरुजी ना? घरी वाढवलेली पोरं घरीच बरी.

वाबाशकाठचा

या, मीठ आणलंच आहे तर चोळून जा. २०२१ ला नॉर्थ टेक्सासकडून, २०२२ ला सेंट पीटर्सकडून हरलो, तेही राहिले.

ब्लूग्रास_बंटी

लेक्सिंग्टनहून, म्हणजे केंटकी विद्यापीठाच्या गावाहून लिहितोय, त्यामुळे जरा कळकळीने.

आमच्याकडे दोन्ही प्रयोग झालेत. कोच कॅलिपारीच्या काळात देशातली सर्वांत गुणी अठरा वर्षांची पोरं यायची, एक वर्ष खेळायची आणि एनबीएला जायची. २०१२ मध्ये अँथनी डेव्हिस आणि मंडळींनी विजेतेपद आणलं तेव्हा वाटलं की आता हे असंच चालणार. नाही चाललं. २०२२ ला सेंट पीटर्सकडून हरलो, २०२४ ला ओकलंडकडून. ओकलंडच्या जॅक गोल्कीने आमच्यावर दहा थ्री मारले. तो कुठून आलेला माहितीय? हिल्सडेल नावाच्या डिव्हिजन टू, म्हणजे एक पायरी खालच्या गटातल्या कॉलेजातून! आमचे उद्याचे करोडपती एका बाजूला आणि हा वयाने थोराड गडी दुसऱ्या बाजूला.

मग नवे कोच मार्क पोप आले. २०२४ च्या वसंतात त्यांच्या हाती स्कॉलरशिपवरचा एकही जुना खेळाडू नव्हता. अक्षरशः रिकामी खोली. त्यांनी बटलर सॅन डिएगो स्टेटहून, ब्रे डेटनहून, विल्यम्स ड्रेक्सेलहून, ओवे ओक्लाहोमाहून असं गोळा करत संघ उभा केला. पहिल्याच वर्षी ड्यूकला हरवलं, टेनेसीला दोनदा हरवलं, स्वीट सिक्स्टीन गाठलं. तिथे तिसऱ्यांदा टेनेसी भेटले आणि खेळ संपला.

मजा आली का? आली. पण खरं सांगू, नोव्हेंबरात मी खेळाडूंची नावं पाठ करत होतो आणि एप्रिलमध्ये त्यातले बरेचसे गेले. आता पुन्हा नवी यादी. माझी बायको म्हणते, "तू जर्सीला ओवाळतोयस, आत कोण आहे ते तुला माहीतच नाही."

तर्रीपोहे

बायकोला +१.

राजेहो, तुम्ही अमेरिकेत जाऊन येवढे हैराण काहून होता? आमच्या विदर्भाकडे पाहा न. २०१७-१८ ची रणजी जिंकली तेव्हा संघात मुंबईचा वसीम जाफर होता, कर्नाटकचा गणेश सतीश होता, कोचही मुंबईचे चंद्रकांत पंडित. लोक म्हणाले, उसनवारी. पण गुरबानी, सरवटे, वाडकर, फैझ फझल, हे कोण होते? पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली.

आणि यंदाची फायनल केरळविरुद्ध. पहिल्या डावात दानिश मालेवारच्या १५३, दुसऱ्यात करुण नायरच्या १३५. मालेवार घरचा, नायर कर्नाटकचा. सगळ्यात जास्त धावा यश राठोडच्या, हर्ष दुबेच्या एका हंगामात ६९ विकेटी म्हणजे रणजीचा विक्रम. दोघंही आपल्याच मातीतले.

आता फरक पाहा. बाहेरचे खेळाडू किती घ्यायचे याला रणजीत मर्यादा आहे. त्यामुळे पाहुणा आला तरी घर पोरांचंच राहतं. जाफरसोबत ड्रेसिंग रूममध्ये राहून जे शिकायला भेटलं, ते अकॅडमीत कोण शिकवणार? तुमच्या अमेरिकेत मर्यादाच नाही, म्हणून पाहुणेच घरात आणि घरचे ओसरीवर.

वाबाशकाठचा

हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. आमचा जाफर म्हणजे लान्स जोन्स. २०२३ मध्ये त्या फेअरली डिकिन्सनच्या पराभवानंतर पेंटरनी सदर्न इलिनॉयमधून हा एकच महत्त्वाचा माणूस आणला. चार वर्षं खेळून घोटलेला, चेंडू सांभाळणारा, बचावाला अंगावर जाणारा. आमचा गार्ड ब्रेडन स्मिथ, त्याच्यावरचा भार हलका झाला. टेनेसीविरुद्धच्या सामन्यात एडीने ४० गुण केले, पण शेवटी शेवटी जोन्सचा थ्री पडला तेव्हा कुठे श्वास आला. १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोर.

शंकेखोर

एक दुरुस्ती. पेंटर 'पोर्टलला शिवत नाहीत' ही दंतकथा आहे. मिशिगनहून स्पाइक आल्ब्रेक्ट, डार्टमथहून बूड्रो, हाय पॉइंटहून प्रॉक्टर, युटाहून जेंकिन्स, हे सगळे त्यांनीच घेतले होते. जोन्स हा या रांगेतला सर्वांत यशस्वी, एवढंच. आणि यंदा साउथ डकोटा स्टेटहून ऑस्कर क्लफ आणलाय. गेल्या मोसमात उंच पोरगा जेकबसन दुसऱ्याच सामन्यात पाय मोडून बसला आणि रिबाउंडची (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याची) बोंब झाली. ते भोक बुजवायला क्लफ. म्हणजे पेंटरही खरेदी करतात, फक्त यादी घेऊन बाजारात जातात आणि यादीतलंच घेऊन येतात.

दुसरा मुद्दा. इथे सगळे 'आणलेले' विरुद्ध 'वाढवलेले' असं भांडताहेत. माझ्या मते निकाल ठरतो वयावर. बावीस-तेवीस वर्षांच्या माणसाच्या खांद्यात आणि अठरा वर्षांच्या पोराच्या खांद्यात जो फरक असतो, तो गुणवत्तेने क्वचितच भरून निघतो. यंदाची ह्यूस्टन-ड्यूक सेमीफायनल आठवा. ड्यूककडे कूपर फ्लॅग, या पिढीतला सर्वांत मोठा गुणवंत, वय अठरा. अखेरच्या सेकंदांत त्याने जो शॉट घेतला आणि जो हुकला, तो जे'वॉन रॉबर्ट्सच्या अंगावरून. रॉबर्ट्स कॉलेजात सहाव्या वर्षाला! कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष धरून. आणि हा सहा वर्षांचा माणूस ह्यूस्टननेच वाढवलेला, बरं का. त्याच संघात क्रायर बेलरहून आणलेला.

म्हणजे 'म्हातारे' खेळाडू हवेत हे नक्की. ते दोन मार्गांनी मिळतात: स्वतः चार वर्षं वाट बघा, किंवा दुसऱ्याने बघितलेली वाट विकत घ्या.

तिरकस_टोण्या

शेवटचं वाक्य लग्नाच्या बायोडेटात टाकायला हवं.

अपूर्वा_जेसी

शंकेखोर, तुमचं ते 'दुसऱ्याने बघितलेली वाट' वाचलं आणि लिहायलाच बसले. तो दुसरा म्हणजे आम्ही.

मी जर्सी सिटीत राहते. जर्नल स्क्वेअरला भाजी आणायला जाते तिथून सेंट पीटर्स अगदी जवळ. मला बास्केटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. २०२२ च्या मार्चमध्ये अचानक शेजारपाजारचे लोक मोर आणि पंख रंगवलेले टीशर्ट घालून फिरायला लागले. पंधरावं मानांकन. केंटकीला हरवलं, मरे स्टेटला हरवलं, आणि (धागाकर्त्याची माफी मागून) पर्ड्यूला ६७-६४ ने हरवलं. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत जाण्याची ती इतिहासातली पहिलीच वेळ. आमच्या इमारतीतल्या गुजराती आजींनाही डग एडर्टची मिशी ओळखीची झाली होती.

नॉर्थ कॅरोलायनाकडून हरलो, त्यानंतर काही दिवसांतच कोच शहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. एडर्ट ब्रायंटला. बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. एनडेफो कोचच्या मागे सीटन हॉलला. पुढच्या हिवाळ्यात मी हौसेने तिकीट काढून गेले तर ओळखीचा चेहराच शोधत बसले.

पोरांना दोष देत नाही. मी स्वतः चार वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या, तेव्हा मला कोणी 'निष्ठा' विचारली नाही. पण मोठ्या कॉलेजांचे लोक "आणावं की वाढवावं" अशी चर्चा करतात ना, तेव्हा गंमत वाटते. वाढवणं कुठे थांबलेलं नाही. ते काम फक्त लहान घरांकडे गेलंय, आणि त्याचा मेहनताना त्यांना कोणी देत नाही.

वाबाशकाठचा

अपूर्वाताई, २०२२ चं माफ केलं. मेहनतान्याचं पटलं.

या नजरेने फ्लोरिडाचा विजेता संघ परत पाहिला. फायनलचा नायक वॉल्टर क्लेटन आयोनाहून आलेला, विल रिचर्ड बेलमाँटहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून. ऑबर्नचा जॉनी ब्रूम मोरहेड स्टेटहून. या सगळ्यांना कोणीतरी सतरा-अठराव्या वर्षी हेरलं, कच्चं असताना मैदानावर उतरवलं, चुका करू दिल्या. मोठ्या कॉलेजात ती मुभा त्यांना मिळाली असती असं वाटत नाही. यंदाच्या शेवटच्या सोळांत चार बड्या कॉन्फरन्स (कॉलेजांचे गट) सोडून एकही संघ नव्हता, आणि फायनल फोरमध्ये चारही पहिल्या मानांकनाचे. सेंट पीटर्ससारखी गंमत आता किती वेळा दिसेल कोण जाणे.

ब्लूग्रास_बंटी

पण सगळी पोरं टिकवली म्हणून भागतं असंही नाही. फ्लोरिडा अटलांटिकच घ्या. २०२३ ला फायनल फोर गाठलं, आणि नवल म्हणजे जवळजवळ अख्खा संघ परत आला. सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत नॉर्थवेस्टर्नने जादा वेळेत घरी पाठवलं. मग कोच डस्टी मे मिशिगनला गेले आणि संघ विखुरला तो विखुरलाच.

मार्केट विद्यापीठाचे कोच शाका स्मार्टही पोर्टलकडे पाठ करून बसलेत. यंदा पहिल्या फेरीत न्यू मेक्सिकोकडून हरले. तत्त्व म्हणून ठीक, पण तत्त्व रिबाउंड घेत नाही.

शंकेखोर

फेअरली डिकिन्सनबद्दल एक राहिलं. तो संघ वरवर पाहता 'आणलेल्यांचा' होता. कोच टोबिन अँडरसन आधी सेंट थॉमस अक्वायनस या डिव्हिजन टू कॉलेजात होते, आणि तिथून रॉबर्ट्स, सिंगलटन आणि मूर या तिघांना सोबत घेऊन आले. म्हणजे कागदावर ट्रान्सफर, पण कोचने स्वतः वाढवलेले. पाच फूट आठ इंचांच्या रॉबर्ट्सने एडीच्या संघाला नाचवलं ते एकमेकांच्या सवयी वर्षानुवर्षं अंगवळणी पडल्या होत्या म्हणून. डस्टी मे यांनीही मिशिगनला जाताना आपला उंच गडी गोल्डिन बरोबर नेला. ८ विजय, २४ पराभवांवरून एका वर्षात २७-१०.

नोवाईचा_बाबा

बरेच दिवस नुसता वाचक होतो. हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

मुलगा अकरावीची परीक्षा देऊन आता बारावीत चाललाय. सहा फूट दोन इंच, गार्ड (चेंडू सांभाळणारा). आमच्या घरात कोणी एवढं उंच नाही, आज्जी म्हणते दुधाचा गुण. चांगला खेळतो, पण फार म्हणजे फार चांगला नाही. लहान डिव्हिजन वन कॉलेजात पाच वर्षांपूर्वी जागा मिळाली असती असा. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या सहायक कोचचे दर आठवड्याला मेसेज यायचे. मार्चमध्ये पोर्टल उघडलं आणि मेसेज बंद. मी धीर करून फोन केला. माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "तुमच्या मुलाला तयार व्हायला दोन वर्षं लागतील, आणि तयार झाला की तो मोठ्या कॉलेजला जाईल. त्यापेक्षा मी बावीस वर्षांचा आत्ताच का घेऊ नये?"

काय उत्तर देणार? शिव्या द्यायला जागाच ठेवली नाही.

यंदा वसंतात दोन हजारांहून जास्त पोरं पोर्टलमध्ये होती. संघ साडेतीनशेच्या वर, प्रत्येकात आता फार तर पंधरा जागा. तुम्ही म्हणता वाढवण्याचं काम लहान घरांकडे गेलं. पण लहान घरंही आता डिव्हिजन टू मधून तयार माल बघताहेत. मग माझा पोरगा कुठे वाढणार? सध्या पर्याय दोन: एक वर्ष प्रेप स्कूल (कॉलेजच्या तयारीची शाळा), भरमसाट फी भरून, किंवा डिव्हिजन थ्री, जिथे खेळाची स्कॉलरशिपच नसते. हिला दोन्ही पसंत नाहीत. हिला इंजिनिअरिंग पसंत आहे.

तर्रीपोहे

हिचं बरोबर असते.

वाबाशकाठचा

बाबा, पर्ड्यूत इंजिनिअरिंगही आहे, एवढं सांगून ठेवतो.

जरा वेगळं, पण आपल्या लोकांना पटेल असं. एडी कॅनेडियन, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर. संघातली इतर पोरं जाहिराती करून पैसे कमवत होती आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला व्हिसाच्या नियमांमुळे इथे तसं काम करता येत नव्हतं. तो त्याबद्दल उघड बोललाही होता. आम्ही लायब्ररीत तासाला किती मिळतात ते मोजायचो, त्याची आठवण झाली. तरी तो चौथ्या वर्षासाठी परत आला.

शंकेखोर

आला, आणि फायनलला ३७ गुण करून हरला. कनेटिकट ७५, पर्ड्यू ६०. पर्ड्यूचा सबंध सामन्यात एकच थ्री पडला. कनेटिकटकडे न्यूटन ईस्ट कॅरोलायनाचा, स्पेन्सर रटगर्सचा, पण क्लिंगन आणि कराबान घरचे. गार्ड बाजारात मिळतात, चांगले उंच गडी मिळत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. क्लफमुळे खोटं ठरलं तर आनंदच.

अपूर्वा_जेसी

पर्ड्यूचं पुढच्या वर्षी काय?

वाबाशकाठचा

स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन तिघंही परत. स्मिथ आणि लॉयरचं चौथं वर्ष, कॉफमन-रेनचं रेडशर्ट धरून पाचवं. तिघांनाही बाहेर जास्त पैसे मिळाले असते असं आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं ठाम मत आहे, पुरावा शून्य. हाइडी असता तर, असं अजून रोज एकदा वाटतं. टेक्सासची मॅच लागली तर बघणार का, ते ठरलेलं नाही. बहुतेक बघणार.

ब्लूग्रास_बंटी

बाबा, प्रेप स्कूलची फी भरण्याआधी त्या गोल्कीचं बघा. हिल्सडेलला पाच वर्षं काढली, त्यातलं पहिलं रेडशर्ट. तिथे पदवी घेतली आणि मग एका वर्षासाठी ओकलंडला आला. आणि ओकलंड तर तुमच्याच बाजूला, मिशिगनमध्ये. तिथले कोच ग्रेग कॅम्पी १९८४ पासून एकाच खुर्चीत आहेत. आमच्यावर दहा थ्री मारणाऱ्याची मी शिफारस करतोय, यावरून कळकळ ओळखा.

नोवाईचा_बाबा

सगळ्यांचे आभार. काल रात्री पोराला धागा वाचून दाखवला, त्याला देवनागरी भरभर येत नाही. सेंट पीटर्सला हसला, फेअरली डिकिन्सनला जास्त हसला (मिशिगनचा चाहता आहे, वाबाशकाठच्यांनी मनावर घेऊ नये). गोल्कीशी आलो तेव्हा त्याने मला थांबवून फोनवर त्याचे सगळे दहा थ्री पाहिले. मग नकाशा उघडला.

नोवाई ते हिल्सडेल, गाडीने साधारण दीड तास. शनिवारी जाऊन येतोय. ही पण येते म्हणाली, तिथे फिजिक्स कसं आहे ते विचारायला.